वय झालं म्हणून, की गोळ्या झाल्या म्हणून?

गेली बावीस वर्षं मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत मेडिकल चालवतोय. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुकानात पिशव्या येतात. कुणाची साडीच्या दुकानाची, कुणाची दुधाची धुऊन वाळवलेली. आत रिकामी पाकिटं, दोन-तीन चिठ्ठ्या आणि एखादा जुना रिपोर्ट. पिशवी काउंटरवर पालथी करायची आणि म्हणायचं, "ह्यातलं सगळं महिन्याचं द्या."

अशीच एक पिशवी एका आबांची. वय ७८. तरुणपणी तालमीत मेहनत केलेला गडी, कुस्तीत मोडलेले कान अजून त्याची साक्ष देतात. दोन वर्षांपूर्वी ते स्वतः चालत यायचे. नंतर नातू सोबत यायला लागला. मग एके दिवशी गोळी घ्यायला पाण्याची बाटली मागितली आणि झाकण काही त्यांना फिरवता येईना. त्यांनी ती माझ्याकडे परत दिली आणि हसून म्हणाले, "वय झालं न्हवं, दुसरं काय!"

त्या दिवशी पिशवीत बारा प्रकारच्या गोळ्या होत्या. त्यातली एकही मी चिठ्ठीशिवाय दिलेली नव्हती. तरीही घरी जाताना माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. आबांना वयानं गाठलं, की ह्या बारा गोळ्यांनी?

खचणं म्हणजे नुसतं म्हातारं होणं नव्हे

वैद्यकशास्त्रात ह्या अवस्थेला 'फ्रेल्टी' म्हणतात. अशक्तपणा म्हटलं की टॉनिकची बाटली आठवते, म्हणून मी त्याला 'खचणं' म्हणतो. भिंत उभी दिसते, पण पाया मऊ झालेला असतो आणि एका पावसात ती बसते. खचलेल्या माणसाचंही असंच असतं. साधा ताप, दोन दिवसांचे जुलाब किंवा एखादं छोटं ऑपरेशन तरुण माणूस आठवड्यात विसरून जातो. खचलेला माणूस त्यातून उठतो तो आधीपेक्षा एक पायरी खालीच.

अमेरिकेतल्या डॉ. लिंडा फ्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ह्याची पाच लक्षणं ठरवून दिली. प्रयत्न न करता वर्षात साधारण साडेचार किलो वजन उतरणं, सतत थकवा, चालण्याचा वेग मंदावणं, हालचाल कमी होणं आणि हाताच्या पकडीतला जोर जाणं. तीन किंवा जास्त लक्षणं असतील तर माणूस खचलेला, एक-दोन असतील तर त्या वाटेवर.

पकड! खासबागेत कुस्ती बघत वाढलेल्या कोल्हापूरकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. वस्ताद नव्या पोराचं मनगट धरून बघायचे, तेच डॉक्टर आता मशीनवर किलोत मोजतात. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाची पकड २८ किलोच्या खाली आणि बाईची १८च्या खाली गेली तर स्नायू क्षीण झाल्याचा संशय घ्यायचा.

ह्यात चांगली बाजू अशी की खचण्याची वाट एकाच दिशेनं जात नाही. सगळे नाही, पण काही जण मागे फिरतात. पाया कशानं मऊ झाला ते शोधलं तर. कमी खाणं, प्रोटीनची वानवा, बसून राहणं, थायरॉइड, नैराश्य असे बरेच संशयित असतात. घरात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवलेली गोळ्यांची पिशवी हाही त्यातलाच एक, आणि तिच्यावर मात्र सहसा कुणी संशय घेत नाही.

राजाराम बंधाऱ्याचं गणित

पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न असतो, "राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटावर?" पंचगंगेवरच्या ह्या बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. आता विचार करा, हे पाणी कुठल्या एका नदीचं असतं का? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, प्रत्येकीचं थोडं थोडं. गावोगावचा माणूस म्हणेल, आमच्या नदीला काही फार पाणी नाही. बंधाऱ्यावर मात्र सगळ्यांची बेरीज दिसते.

गोळ्यांचं तसंच. हृदयाचे डॉक्टर भोगावती बघतात, शुगरचे कासारी बघतात, हाडांचे तुळशी. प्रत्येकाचा डोस पुस्तकाप्रमाणे बरोबर. बेरीज आबांच्या अंगात होते.

दुसरी गोष्ट पाण्याच्या निचऱ्याची. औषध अंगात येतं तसं बाहेरही जावं लागतं, आणि ते काम मुख्यतः मूत्रपिंड आणि यकृताचं. चाळिशीनंतर बहुतेकांच्या मूत्रपिंडाची गाळण्याची ताकद दरवर्षी साधारण एक टक्क्यानं उतरत जाते. म्हणजे पन्नाशीत सुरू केलेली तीच गोळी, तोच डोस, पंचाहत्तरीत अंगात जास्त साठतो. आवक तीच, निचरा कमी, म्हणून पातळी वर.

रिपोर्टही इथे फसवतो. मूत्रपिंडाचा अंदाज आपण क्रिएटिनिन ह्या रक्तातल्या टाकाऊ द्रव्यावरून घेतो आणि ते तयार होतं स्नायूंतून. स्नायूच आटले तर क्रिएटिनिन कमी बनतं, रिपोर्ट 'नॉर्मल' येतो आणि सगळे निवांत होतात. वाळलेल्या म्हाताऱ्या माणसाचा नॉर्मल क्रिएटिनिन हा माझ्या मते सगळ्यात गोड बोलणारा खोटा साक्षीदार आहे.

शिवाय वयाबरोबर अंगातलं पाणी कमी होतं आणि चरबीचं प्रमाण वाढतं. चरबीत मुरणारी औषधं मग मुक्कामाला राहतात. १९७५ सालच्या एका अभ्यासात डायझेपाम ह्या झोपेच्या-शांततेच्या गोळीचा मुक्काम मोजला होता. विशीतल्या माणसाच्या अंगातून निम्मं औषध जायला सुमारे २० तास लागले, ऐंशीच्या आसपास ९० तास. रात्रीची गोळी उतरायच्या आत दुसरी, तिसरी, चौथी रात्र येते.

आबांच्या पिशवीत काय सापडलं

त्या रात्रीनंतर मी आबांच्या मुलाला बोलावून घेतलं आणि बाराही पाकिटं ओळीनं मांडली. गोष्ट उलगडली ती अशी.

आबांना जुन्या डॉक्टरांनी बीपीसाठी ॲम्लोडिपिन दिली होती. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी बीपीची नवी गोळी लिहिली. ती दोन औषधं एकत्र असलेली, आणि त्या दोनांतलं एक ॲम्लोडिपिनच. नाव वेगळं, कंपनी वेगळी, पाकिटाचा रंग वेगळा. जुनी बंद करायची हे कुणी सांगितलं नाही, की सांगितलं आणि ऐकू आलं नाही, देव जाणे. आबा दोन्ही घेत राहिले. म्हणजे डोस दुप्पट.

ॲम्लोडिपिनचा डोस वाढला की पायावर सूज येते, हे ठाऊक असलेलं लक्षण आहे. सूज आली, म्हणून लघवी वाढवणारी गोळी आली. मग रात्रीतून चारदा उठणं. झोप मोडायला लागली, म्हणून झोपेची गोळी. इकडे अंगातलं पाणी कमी आणि बीपीचा डोस दुप्पट, त्यामुळे उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. म्हणून चक्करेची गोळी, सिनारिझिन. वयस्कर माणसात ही बरेच महिने चालली की हातापायांत कडकपणा, थरथर, मंदपणा आणू शकते, अगदी पार्किन्सनसारखा. आबा हळू झाले, पाय घासून चालायला लागले. मग वजनही उतरलं. आणि सगळे म्हणाले, वय झालं.

एका गोळीचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरी गोळी, तिच्या दुष्परिणामावर तिसरी, ह्या प्रकाराला डॉक्टरी भाषेत 'प्रिस्क्रायबिंग कॅस्केड' म्हणतात. कॅस्केड म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी कोसळणारा धबधबा. ह्यात कुणी एक खलनायक नसतो. प्रत्येक डॉक्टरनं समोर दिसलेल्या त्रासावर औषध दिलं. आणि ती दोन्ही पाकिटं दर महिन्याला एकाच पिशवीत घालून देणारा मीच होतो. माझ्या तरी कुठे लक्षात आलं?

नजर आधी कुठे टाकायची

अमेरिकेत डॉ. मार्क बीयर्स यांनी १९९१ मध्ये वृद्धांसाठी जपून वापरायच्या औषधांची यादी काढली. तिची एक सुधारित आवृत्ती २०२३ साली आली. आयर्लंडमधून २००८ साली अशीच दुसरी यादी आली. सगळी इथं मांडत नाही. कोल्हापुरातल्या पिशव्यांत जे वारंवार दिसतं तेवढंच सांगतो.

पहिला गट मी 'कोरड पाडणाऱ्या गोळ्या' म्हणतो. ॲसिटिलकोलिन नावाचा शरीरातला निरोप्या असतो, त्याची वाट ह्या अडवतात. तोंड कोरडं, डोळे कोरडे, शौचाला कडक, लघवी अडकते, आणि डोक्यातही धुकं. ह्या गोळ्या लपलेल्या असतात ती जागा बघा. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, पोटातल्या कळीसाठीचं डायसायक्लोमिन, पायाच्या जळजळीसाठी रात्री दिलेलं ॲमिट्रिप्टिलिन, लघवीची घाई आवरणारं ऑक्सिब्युटिनिन. चार वेगवेगळ्या त्रासांच्या चार गोळ्या, पण चारही नद्या एकाच बंधाऱ्यावर येणाऱ्या. तोंड कोरडं पडलं की म्हातारं माणूस भाकरी कमी खातं. भाकरी कमी झाली की वजन उतरतं. खचणं असंही सुरू होतं.

झोपेच्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम आणि त्यांची भावंडं. तोल जातो, रात्री संडासाला उठताना पडणं होतं, आणि ह्या वयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे घरादाराची परीक्षा.

शुगरच्या गोळ्यांतल्या ग्लिबेनक्लामाइड आणि ग्लिमेपिराइड रक्तातली साखर हवी त्यापेक्षा खाली नेऊ शकतात. आपल्याकडे धोका वाढतो तो उपासाला. श्रावणी सोमवार असो, नवरात्र असो, आजी गोळी चुकवत नाहीत, जेवण चुकवतात. दुपारी घाम, थरथर, भलतंच बोलणं. घरचे म्हणतात, उपास सोसला नाही. खचलेल्या वृद्धांमध्ये तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ७च्या खाली दामटण्यापेक्षा ८च्या आसपास चालवून घ्यावा, असा सल्ला आता मधुमेहतज्ज्ञही देतात. तरी "आबांची शुगर साडेसहा!" असं अभिमानानं सांगणारी पोरं मला भेटतात.

गॅसची गोळी. हिच्याबद्दल बोललं की गिऱ्हाईक नाराज होतं. काहींना ती खरोखर लागते, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत. पण सहा आठवड्यांसाठी दिलेली सहा वर्षं चालते. दीर्घकाळ घेतल्यावर बी-१२ कमी पडू शकतं, आणि शुगरची मेटफॉर्मिनही तेच करते. दोन्ही चालू असतील आणि पायाला मुंग्या येत असतील तर बी-१२ तपासायला सांगायला हरकत नाही. दुसरं, गॅसच्या काही कॅप्सुलांत लेव्होसल्पिराइड नावाचं औषध जोडलेलं असतं, बऱ्याचदा ब्रँडच्या नावाला शेवटी 'एल' लावून. तेही वृद्धांत पार्किन्सनसारखा कडकपणा आणू शकतं. पोटाच्या गोळीनं चाल बिघडेल अशी शंका कुणाला येणार?

आणि गुडघ्यासाठी घेतलेलं डायक्लोफेनॅक. जनावरांना दिलेल्या ह्याच औषधानं, त्यांचं मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी करून ती जवळपास संपवली. म्हणून २००६ साली भारतात त्याच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. माणूस गिधाड नव्हे, आपल्याला ते पुष्कळ सोसतं. पण बीपीच्या काही गोळ्या, लघवीची गोळी आणि वर हे, अशी तिघं एकत्र आली की मूत्रपिंडाचा घास होतो.

पण आजार जास्त म्हणून गोळ्या जास्त, असं का नाही?

रास्त शंका आहे. छत्र्या दिसतात म्हणून पाऊस छत्र्यांनी आणला असं कुणी म्हणत नाही. पाच किंवा जास्त औषधं चालू असलेल्या वृद्धांत खचणं जास्त दिसतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत आढळलंय. पण ज्याला आजार जास्त त्याला गोळ्याही जास्त आणि खचण्याचा धोकाही जास्त, हेही तितकंच खरं. वाट दोन्ही बाजूंनी आहे. गोळ्या कमी केल्या की खचलेपण हटतंच, असं ठामपणे दाखवणारे प्रयोगही अजून मोजकेच.

तरीही काही ठिकाणी पुरावा सरळ आहे. न्यूझीलंडमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पासष्टीपुढच्या लोकांची झोपेची आणि मनावरची औषधं त्यांना न कळता हळूहळू रिकाम्या कॅप्सुलांनी बदलली (अर्थात आधी त्यांची संमती घेऊन). पडण्याचा धोका ६६ टक्क्यांनी कमी झाला. पुढचा भाग मला जास्त माणूसपणाचा वाटतो. महिने न् महिने रिकाम्या कॅप्सुलवर राहिलेल्या १७ जणांपैकी ८ जणांनी प्रयोग संपल्यावर महिन्याभरात गोळी पुन्हा सुरू केली. उशाशी गोळी आहे, ह्याचीच झोप लागते काही जणांना.

मग करू का बंद?

नाही. हे वाचून कुणी उद्या सकाळी बीपीची गोळी टाकून दिली तर माझ्या लिहिण्याची माती झाली.

ऐंशीच्या पुढे बीपीचं औषध द्यावं का, हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता. २००८ साली ३८४५ लोकांवरच्या एका मोठ्या चाचणीनं उत्तर दिलं. ऐंशीपुढच्यांना बीपी १५०/८०पर्यंत आणणारं औषध दिलं तेव्हा मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले आणि हृदय कमकुवत पडण्याचं प्रमाण ६४ टक्क्यांनी. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधी थांबवली. मात्र त्यातली मंडळी त्या वयाच्या मानानं बरीच धडधाकट होती. अंथरुणाला टेकलेल्या आजोबांना ते आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

शिवाय काही गोळ्या अचानक सोडणं घेण्यापेक्षा वाईट. मेटोप्रोलॉलसारखी हृदयाची गोळी एकदम सोडली तर छातीत दुखणं उसळू शकतं. क्लोनाझेपाम, फिटची औषधं, स्टेरॉइड, ही उतरवायची ती जिन्यावरून उतरावं तशी, पायरी-पायरीनं. स्टेंट बसवलेल्या माणसानं रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं थांबवणं म्हणजे जिवाशी खेळ.

आणि उलटही होतं. वर सांगितलेल्या आयरिश यादीचा दुसरा भाग *द्यायची राहून गेलेली* औषधं कोणती, ह्याचाच आहे. ठिसूळ हाडांवर इलाज नाही, दुखणं दाबून ठेवलंय, नैराश्याला 'स्वभाव' म्हणून सोडलंय, त्यानंही माणूस खचतो. हिशेब तपासायचा म्हणजे नुसती वजाबाकी नव्हे.

"मग आयुर्वेदिक बरं!"

काउंटरवर हे आठवड्यातून दोनदा ऐकतो. ज्येष्ठमध रोज भरपूर घेतलं तर बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. औषध झाडाचं असलं तरी अंगात गेल्यावर तेही नदीच. आणि सांधेदुखीवर 'तीन दिवसांत गुण' देणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांचा तर मी धसकाच घेतलाय. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलंय. चेहरा गोल होतो, भूक लागते, गुडघा थांबतो, घरचे खूश. दरम्यान मांडीचे स्नायू आणि हाडं आतून पोखरत जातात.

पिशवी घेऊन जायचं ते असं

सगळं न्यायचं. बंद केलेलं, उरलेलं, शेजारणीनं दिलेलं, डोळ्यांचे थेंब, काढा, पुडी. पाकीट कापताना गोळीचं नाव असलेली बाजू ठेवा. 'ती पांढरी छोटी' ह्या वर्णनात बसणाऱ्या शंभर गोळ्या माझ्या कपाटात आहेत. एका कागदावर गोळी, कधीपासून आणि कशासाठी, एवढं लिहा. 'कशासाठी'च्या रकान्यात जिथं घरात कुणालाच उत्तर येत नाही, तिथं डॉक्टरांना आधी विचारा. सगळे कागद एकत्र बघेल असा एक डॉक्टर ठरवा, मग तो फॅमिली डॉक्टर असो की सीपीआर ह्या सरकारी दवाखान्याची ओपीडी.

दोन मोजमापं घरी होतात. बीपीचं मशीन असेल तर पाच मिनिटं झोपवून एकदा बघा, मग उभं करून एका मिनिटानं आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा जास्त घसरला तर ते कागदावर लिहा, कारण दवाखान्यात बीपी बहुतेकदा बसूनच मोजतात. दुसरं, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात छातीशी बांधून पाच वेळा उठ-बस. जवळ कुणीतरी उभं राहायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांतला जोर कमी झालाय. आबांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "म्हंजे पाच बैठका. एक काळ पाचशे मारायचो." त्या दिवशी त्यांना २३ सेकंद लागले.

आबांचा मुलगा पिशवी घेऊन एका फिजिशियनकडे गेला. जादाची ॲम्लोडिपिन बंद झाली, सूज उतरली, मग लघवीची गोळीही गेली. चक्करेची थांबवली. झोपेची उतरवायला तीन महिने लागले आणि त्या तीन महिन्यांत घरी रोज भांडण. शुगरचा डोस कमी केला. रात्रीच्या जेवणात दोन अंडी आली. बाराच्या आठ झाल्या.

आबा तालमीतल्या वयाचे झाले नाहीत. बाटलीचं झाकण अजून मीच उघडून देतो. पण संध्याकाळी रंकाळ्यावर नातवाचा हात न धरता अर्धा फेरा मारतात आणि खुर्चीच्या पाच बैठका सोळा सेकंदांत होतात.

राहिलेल्या आठांपैकी गॅसची गोळीही आता नको, असं डॉक्टरांचं मत आहे. बरीच वर्षं घेऊन ती सोडली की काही दिवस जळजळ उलट वाढते, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तशी झाली, आणि आबा चौथ्या दिवशी एकटेच दुकानात आले. काउंटरवर दहाची नोट ठेवली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "तेवढी एक राहू दे."